घटस्थापनेपासून त्रिपुरी पौर्णिमेपर्यंत : घरातल्या सगळ्यांनी मिळून काय करावे?

कृष्णातीर

नमस्कार. आम्ही साताऱ्यात राहतो आणि घरात पाच माणसे आहोत. 74 वर्षांच्या सासूबाई, ज्यांचे गुडघे आता एका जिन्यापलीकडे साथ देत नाहीत, आम्ही दोघे, नववीतली मुलगी आणि दुसरीतला मुलगा. गेल्या दिवाळीत मोठ्या हौसेने आम्ही दोन दिवस एका रिसॉर्टवर गेलो होतो. तिथे धाकटा पाण्यात, थोरली मोबाइलमध्ये, यजमान झोपेत आणि सासूबाई व्हरांड्यातल्या खुर्चीत, असे ते दोन दिवस गेले. परतताना गाडीत सासूबाई एवढेच म्हणाल्या, "जागा छान होती गं, पण आपली कुणाची गाठच पडली नाही."

पाऊस ओसरल्यापासून थंडी पडेपर्यंतचा जो काळ आहे, म्हणजे घटस्थापनेपासून त्रिपुरी पौर्णिमेपर्यंतचे साधारण 45 दिवस, त्यात यंदा चार-पाच गोष्टी ठरवून कराव्यात असे मनात आहे. पाचही जणांना त्यात भाग घेता यावा, बाहेर जायचे असल्यास रात्री घरी परतता यावे आणि खर्च बेताचा असावा, एवढ्याच अटी आहेत. कास आणि कोजागरीचे दूध या दोन गोष्टी सर्वांना सुचतील याची कल्पना आहे; त्यापलीकडचे काही सुचवले तर फार बरे होईल.

टवाळ

कास आणि कोजागरीचे दूध.

(प्रश्न शेवटपर्यंत वाचून मग उत्तर देण्याची आमच्या घराण्यात पद्धत नाही.)

पाटावरवंटा

कृष्णातीर, तुमच्या सासूबाईंना केंद्रस्थानी ठेवायचे असेल तर हादगा घाला. पुण्याकडे ज्याला भोंडला म्हणतात तोच हा, परंतु आपल्याकडे तो नवरात्राला बांधलेला नव्हता. सूर्य हस्त नक्षत्रात गेला, म्हणजे साधारण 27 सप्टेंबर उजाडला, की तिथून सोळा दिवस हादगा चाले. पहिल्या दिवशी एक गाणे आणि एक खिरापत, दुसऱ्या दिवशी दोन, अशी चढती भाजणी असे. आमच्या माहेरी पाटावर हत्ती काढण्याऐवजी समोरासमोर सोंड उंचावलेल्या दोन हत्तींचे चित्र भिंतीला लावत आणि त्यावर भाज्यांच्या, फळांच्या, अगदी भुईमुगाच्या शेंगांच्याही माळा सोडत. माळा ओवणे हे बसून करण्याचे काम आहे, त्यामुळे गुडघ्यांचा प्रश्न येत नाही.

खरी गंमत खिरापत ओळखण्यात आहे. झाकलेला डबा हलवून, गोड की तिखट एवढेच विचारून आत काय आहे ते सांगायचे. यात लहान मुले मोठ्यांना सहज हरवतात. माझ्या भाच्याने एकदा सलग चार दिवस खिरापत बरोबर ओळखली होती. पाचव्या दिवशी कळले की तो दुपारी ओट्यावर चढून डबा उघडून पाहत असे.

माहुलीकर

पाटावरवंटा यांचे म्हणणे योग्य आहे, मात्र एक शंका आहे. हादगा हा मुलींचा खेळ मानला जातो. दुसरीतला मुलगा त्यात रमेल का? आणि यजमानांनी त्या वेळी काय करावे, पाट धरून उभे राहावे?

पाटावरवंटा

मुलगा रमतो, वरचा ओटा आठवावा. यजमानांनी खिरापत करावी. सोळा दिवसांत निदान एक दिवस तरी करावी, म्हणजे डबा हलवल्यावर आवाज का येत नाही याचे कोडे साऱ्या गल्लीला पडेल.

घाटमाथा

कास टाळायचे म्हणता, तरी त्याबद्दल चार शब्द लिहितो, कारण दरवर्षी नवरात्रात आणि दिवाळीत कासला जाऊन "फुले कुठे आहेत?" असे विचारणारी कुटुंबे मला भेटतात. पठारावर जांभ्या खडकाचा सपाट थर आहे आणि त्यावर मातीचा अगदी पातळ पापुद्रा. पावसाळ्यात या थरावर पाणी साचते आणि त्या ओलीवरच तिथली बहुतेक फुले जगतात. सीतेची आसवे नावाचे जे निळे-जांभळे इवलेसे फूल आहे, ते तर कीटकभक्षी वनस्पतीचे आहे. ओल्या मातीतल्या सूक्ष्म जीवांना ती आपल्या बारीक पिशव्यांत ओढून घेते. ओल आटली की हा सगळा कारभार आटोपतो. म्हणून ऑगस्टअखेरपासून सप्टेंबरअखेरपर्यंतचा काळ खरा, ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात उतरती कळा आणि दिवाळीत नुसते वाळलेले गवत. पश्चिम घाटातल्या ज्या जागा 2012 मध्ये जागतिक वारसा यादीत आल्या त्यांत हे पठार आहे. तेव्हापासून गर्दी इतकी वाढली की आता आधी नोंदणी करूनच जावे लागते.

तुमच्या 45 दिवसांत खरोखर पाहण्यासारखी आहे ती सोनकी. सप्टेंबर-ऑक्टोबरात घाटमाथ्यावरचे उतार तिच्या पिवळ्या फुलांनी भरून जातात. त्यासाठी तिकीट लागत नाही, नोंदणी लागत नाही. यवतेश्वरच्या घाटातून किंवा ठोसेघरहून चाळकेवाडीकडे जाताना गाडी रस्त्याच्या कडेला सुरक्षित जागी उभी केली की आजींना काच खाली करूनही ती पाहता येते. मुलांना एक काम द्यावे : एका जागी उभे राहून, एकही फूल न तोडता, वेगवेगळ्या फुलांची चित्रे वहीत काढायची. माझा विक्रम अकरा जातींचा आहे आणि माझ्या मुलीचा सतरा. सतरापैकी दोन जाती तिने मनाने रचल्या असाव्यात असा मला अजूनही दाट संशय आहे.

वावर

मी खटाव तालुक्यात शेती करतो. वरचे वाचताना बरे वाटले, पण एक गोष्ट लिहिल्यावाचून राहवत नाही. तुम्हा शहरातल्या लोकांना ज्या दिवसांत आभाळ निळे आणि हवा मोकळी वाटते, त्याच दिवसांत आम्ही आभाळाकडे धास्तीने पाहत असतो. सोयाबीन काढून रानात पडलेले असते, घेवडा वाळत घातलेला असतो, भुईमूग उपटायला आलेला असतो आणि परतीचा पाऊस कधी गाठेल याचा नेम नसतो. एक रात्र पाऊस झाला तर काढलेल्या पिकाला मोड येतात. त्यामुळे "शेतावर सहल" हा शब्द ऐकला की माझ्या कपाळाला आठी पडते.

तरीही माझी सूचना शेताचीच आहे. तुमच्या नात्यात कुणाची शेती असेल तर भुईमूग काढणीच्या दिवशी जा, पण पाहुणे म्हणून जाऊ नका. वेल उपटण्याचे काम तरण्या माणसांचे, उपटलेले वेल झटकून सावलीत आणून टाकण्याचे पोरांचे आणि बसून शेंगा तोडण्याचे म्हाताऱ्या माणसांचे. आमच्याकडे शेंगा तोडायला बसलेल्या बायकांच्या घोळक्यात सर्वांत भराभर चालणारे हात सत्तरीच्या पुढचे असतात. दुपारी तीन दगड मांडून, पातेल्यात मीठ घालून ओल्या शेंगा उकडायच्या. पोरांनी एकदा स्वतः उपटलेल्या वेलाची शेंग खाल्ली, की शेंगदाणा जमिनीखाली येतो हे पुस्तकातून शिकवावे लागत नाही.

माहुलीकर

वावर, तुमची तक्रार मान्य आहे. "कोरेगावचा वाघ्या घेवडा" असे पाकिटावर वाचून आपण तो विकत घेतो, त्याला भौगोलिक मानांकन मिळाले म्हणून अभिमानही बाळगतो, पण तो वाळत असताना पावसाच्या भीतीने कुणाची झोप उडालेली असते, हे आपल्या गावी नसते.

टवाळ

आमच्या घरी हादगा, सोनकी आणि शेंगा या तिन्ही योजना एकाच रविवारी पार पाडण्याचे ठरले होते. प्रत्यक्षात गाडीत कुणी कुठे बसायचे यावर पाऊण तास चर्चा झाली, तोवर पाऊस आला आणि आम्ही घरातच भजी खाल्ली. पाचही जणांनी भाग घेतला, रात्री घरी परतण्याची अटही आपोआप पाळली गेली आणि खर्च बेताचा झाला. ही सूचना विचारात घ्यावी.

चारभिंती

मी किल्ल्याबद्दल लिहितो, आणि थोडे लांबण लावतो, क्षमस्व.

दिवाळीत अंगणात किल्ला करणे ही तुमच्या पाचही माणसांना पुरून उरेल अशी गोष्ट आहे. मात्र आमच्याकडे आम्ही त्यात एक नियम घातला आहे. जो किल्ला करायचा तो आधी पाहून यायचा. तुम्ही साताऱ्यात आहात, म्हणजे अजिंक्यतारा तुमच्या खिडकीतूनच दिसत असेल. वरपर्यंत गाडीरस्ता आहे, त्यामुळे आजींनाही बरेच अंतर वर नेता येते. मुलांच्या हाती कागद-पेन्सिल द्यावी आणि दरवाजा कोणत्या अंगाला आहे, तट कुठे वळतो, मंगळाई देवीचे मंदिर कुठे आहे, सज्जनगड आणि यवतेश्वर कोणत्या दिशांना दिसतात, याची नोंद करायला सांगावी. शाळेच्या सहलीत नुसते छायाचित्र काढून परत फिरणारी मुले घरी किल्ला करायचा आहे म्हटल्यावर तटाची पावले मोजू लागतात.

जाताना गोष्टही सांगावी. 1699 च्या अखेरीस खुद्द औरंगजेब या किल्ल्याला वेढा घालून बसला. आत प्रयागजी प्रभू किल्ला लढवत होते. मोगलांनी तटाखाली सुरुंग भरले, पण त्यांतला एक स्फोट उलटला आणि तट बाहेरच्या अंगाला कोसळून त्यांचेच सैन्य मोठ्या संख्येने गाडले गेले. अखेर एप्रिल 1700 मध्ये किल्ला त्यांच्या हाती गेला, परंतु आठच वर्षांनी, 1708 मध्ये, शाहू महाराजांचा राज्याभिषेक याच साताऱ्यात झाला. माझ्या मुलाला त्या उलटलेल्या सुरुंगाचे एवढे आकर्षण वाटले की आमच्या मातीच्या किल्ल्याचा एक बुरूज त्याने मुद्दाम ढासळलेला ठेवला. शेजाऱ्यांना वाटले, मांजराने पाडला.

बांधणीबद्दल : आधी विटा आणि दगड रचून उंची घ्यावी, त्यावर मातीच्या गिलाव्यात बुडवलेले गोणपाट पसरावे म्हणजे कडे नैसर्गिक दिसतात, आणि मग वरून चाळलेल्या मातीचा हात फिरवावा. अळीव किंवा मोहरी पेरायची असेल तर वसुबारसेच्या चार-पाच दिवस आधी पेरावी. बहुतेक घरांत ती नरक चतुर्दशीला पेरली जाते आणि भाऊबीजेला, पाहुणे निघून गेल्यावर, किल्ला हिरवा होतो.

निशिगंध

चारभिंती, आमच्या गल्लीत गेल्या वर्षी आठांपैकी पाच किल्ले प्लास्टरचे, बाजारातून आणलेले होते. मी मुलांना नावे ठेवली नाहीत, कारण ते किल्ले मुलांनी नव्हे तर वडिलांनी आणले होते, आणि त्यांच्यापाशी कारणही होते : सदनिकेत माती आणायची कुठून आणि नंतर टाकायची कुठे? यावर उपाय असल्यास सांगावा. मला खोचक प्रश्न विचारायचा नाही. मीही तिसऱ्या मजल्यावर राहते.

चारभिंती

उपाय आहे. गच्चीतल्या कुंड्यांची माती दिवाळीच्या आधी तशीही बदलायची असते. ती एका ताडपत्रीवर ओतून किल्ला करावा आणि तुळशीचे लग्न लागले की त्यातच खत मिसळून कुंड्या पुन्हा भराव्यात. किल्ला लहान होतो, पण होतो. इमारतीतल्या चार घरांनी माती एकत्र केली तर मोठाही होतो आणि कोणत्या घराचा मावळा कोणत्या बुरुजावर उभा राहणार यावरून चांगली भांडणेही होतात.

तारांगण

कोजागरीचा उल्लेख आला आहे, म्हणून एक गैरसमज दूर करतो. अनेक जण कोजागरीला गच्चीवर दुर्बीण मांडतात आणि तारे दिसत नाहीत म्हणून निराश होतात. पौर्णिमेच्या प्रकाशात अंधूक तारे बुडून जातात. त्या रात्री चंद्रच पाहावा आणि दूध प्यावे. आश्विन महिन्याचे नाव ज्यावरून पडले त्या अश्विनी नक्षत्राच्या आसपास त्या दिवशी चंद्र असतो, तसेच कार्तिक पौर्णिमेला तो कृत्तिकांच्या आसपास असतो. महिन्यांची नावे अशी आकाशातून आली आहेत, हे मुलांना चंद्राकडे बोट दाखवून सांगता येण्याजोगे दोन दिवस नेमके तुमच्या 45 दिवसांत आहेत.

ताऱ्यांसाठी मात्र दिवाळीच्या अमावास्येच्या आगेमागे दोन-तीन रात्री निवडाव्यात. फटाक्यांचा धूर टाळण्यासाठी गावाबाहेर जावे लागेल. रात्री नवाच्या सुमारास ईशान्येकडे शर्मिष्ठा, तिच्या वरच्या अंगाला देवयानी आणि पूर्वेला कृत्तिकांचा पुंजका सहज सापडतो. नुसत्या डोळ्यांनी कृत्तिकेत किती तारे दिसतात याची घरात स्पर्धा लावावी. बहुतेकांना सहा दिसतात. आमच्या आईला मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर सात दिसले, आणि तेव्हापासून ती चष्मा लावणाऱ्या नातवंडांना "तुमच्या वयाची असताना मी..." अशी सुरुवात करून बोलू लागली आहे.

पाटावरवंटा

कोजागरीला घरातल्या ज्येष्ठ अपत्याला ओवाळतात, हे विसरू नका. नववीतल्या मुलीला वर्षातून एकदा तरी थोरली असण्याचा फायदा मिळू द्या.

हौशी

मला वाटते सर्वांत सोपी आणि आनंदाची गोष्ट कुणी लिहिलीच नाही. सगळ्यांनी मिळून दिवाळीचा फराळ करावा! आमच्या घरी फराळाचे चार दिवस म्हणजे नुसता आनंदसोहळा असतो. घरभर वास, गप्पा, गाणी.

कमलपुष्प

हौशी, आपण स्त्री आहात की पुरुष हे मला ठाऊक नाही, पण आपल्या प्रतिसादात क्रियापदांना कर्ता नाही हे लक्षात आले. वास कुणाला येतो आणि तळण कोण काढते? आमच्या घरीही गप्पा आणि गाणी असत. ती बाहेरच्या खोलीत असत. मी आणि माझ्या जाऊबाई आत असू आणि मधूनमधून "गरम आहेत तोवर चार चकल्या पाठवा" अशी हाक येई. "सगळ्यांनी मिळून" हे शब्द मी वीस वर्षे ऐकत आले आहे, म्हणून विचारते.

हौशी

मी पुरुष आहे. कमलपुष्प यांचा प्रतिसाद घरी वाचून दाखवला. पत्नीने त्यांचा पत्ता मागितला आहे, साडी पाठवायची आहे म्हणते.

पाटावरवंटा

कमलपुष्प यांच्याशी मी सहमत आहे आणि तरीही फराळ यादीतून काढू नये असे म्हणते. कामे मात्र आधी नावानिशी वाटून द्यावीत. भाजणी भाजून, गिरणीतून दळून आणणे आणि सोऱ्या फिरवणे यजमानांकडे. त्याला दंडात ताकद लागते आणि ती गृहिणीकडेच असावी असा नियम नाही. करंज्या कातण्याने कापणे आणि शंकरपाळे पाडणे मुलांकडे. तळणीपाशी मोठेच माणूस हवे, आणि ते दर तासाने बदलावे.

कृष्णातीर, सासूबाईंना हाताशी घेऊन एक पदार्थ जरूर करा, तो म्हणजे अनारसे. तांदूळ तीन दिवस रोज पाणी बदलून भिजवायचे, फडक्यावर पसरून जरा दमट असतानाच दळायचे, गूळ मिसळून गोळे करून चार-पाच दिवस मुरू द्यायचे आणि मग खसखशीवर थापून, खसखस वर ठेवून, न उलटता तुपात तळायचे. सगळे नीट झाले तरी तो कढईत पसरून विरघळू शकतो. त्याला आपल्याकडे "अनारसा हसला" म्हणतात. का हसला याची कारणे घरातल्या प्रत्येक वडीलधाऱ्या बाईची वेगळी असतात आणि ती ऐकण्यासाठीच अनारसे करावेत.

मिरजकर

सांगलीकडून कुणीच लिहिले नाही, म्हणून दोन जागा सुचवतो. देवराष्ट्रे हे यशवंतराव चव्हाणांचे जन्मगाव, आणि त्याला लागूनच सागरेश्वर अभयारण्य आहे. क्षेत्र 10.87 चौरस किलोमीटर, म्हणजे लहानच. पण उजाड डोंगरांवर माणसांनी लावून वाढवलेले हे जंगल आहे. पावसानंतर ते हिरवेगार असते, सांबर आणि चितळ दिसण्याची शक्यता असते आणि जुन्या मंदिरांच्या समूहात आजींना शांतपणे बसता येते. कराडमार्गे सकाळी निघून रात्री परत येता येते.

दुसरी जागा मिरज. इथे सतार आणि तंबोरे करणाऱ्यांची आळी आहे. कडू भोपळा वाळवून, कापून त्यातून तंबोऱ्याचा घुमणारा पोकळ भाग कसा घडतो, हे पाहताना माझ्या पुतण्याने मोबाइल खिशात ठेवला होता. ही घटना आमच्या घरात तारखेनिशी नोंदली गेली आहे. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. कारागीर कामात असतात, म्हणून आधी विचारून जावे.

माहुलीकर

मिरज साताऱ्याहून एका दिवसात होईल, पण आजींच्या गुडघ्यांना गाडीतले पाच तास मानवतील का, हा विचार करावा. त्यापेक्षा लिंब जवळ आहे. तिथली बारा मोटेची विहीर सुमारे 110 फूट खोल आहे आणि शिलालेखानुसार शके 1641 ते 1646, म्हणजे 1719 ते 1724 या काळात, विरुबाई भोसले यांनी बांधली. विहिरीच्या पोटात महाल आहे. मोट म्हणजे काय हे माझ्या नातवाला सांगताना मी बैल झालो, तो मोटकरी झाला आणि माझ्या खांद्यावरचा पंचा नाडा झाला; पाहणाऱ्यांची चांगली करमणूक झाली. पाऊस नुकताच संपलेला असल्यामुळे या दिवसांत विहिरीला भरपूर पाणी असते. लहान मुलांचा हात क्षणभरही सोडू नये.

घाटमाथा

दसऱ्याबद्दल एक लहान सूचना. साताऱ्यात भवानी तलवारीची मिरवणूक जलमंदिरापासून पोवई नाक्यापर्यंत येते, ती सर्वांनी पाहिली असेल. त्या दिवशी "सोने" म्हणून बाजारात जे विकतात त्यात कांचनाची पानेही बरीच असतात. आपट्याचे पान लहान, जाड आणि लांबीपेक्षा रुंदीला अधिक असते. कांचनाचे मोठे आणि पातळ. मुलांना दोन्ही पाने हाती देऊन फरक शोधायला लावावा. आम्ही गेली काही वर्षे फांदी आणण्याऐवजी आपट्याचे एक रोप लावतो. सगळी रोपे जगली नाहीत, पण जगलेल्यांपैकी एक आता माझ्या खांद्याला लागते.

टवाळ

म्हणजे इतकी वर्षे मी ज्यांना सोने दिले त्यांना प्रत्यक्षात पितळ दिले. नातेवाइकांच्या वागण्याचा आता उलगडा झाला.

कृष्णातीर

सर्वांचे मनापासून आभार. यादी करून भिंतीवर लावली आहे. त्रिपुरी पौर्णिमा झाली की काय जमले आणि काय नाही ते इथेच लिहीन. तोवर एक प्रश्न : त्रिपुरी पौर्णिमेला घाटावर दिवे लावायला जाण्याखेरीज घरी करण्यासारखे काही आहे का?

पाटावरवंटा

आहे. त्रिपुराची वात. कापसाचे 750 पदर काढून ती वळायची असते. हे काम एका दिवसाचे नाही. दिवाळी संपली की रोज थोडे थोडे करावे. सासूबाईंना विचारा, त्यांचे हात ते विसरलेले नसतील.

कृष्णातीर

काल त्रिपुरी पौर्णिमा झाली. कबूल केल्याप्रमाणे लिहिते आहे. उशिरापर्यंत जागल्यामुळे काही विस्कळीत झाले असल्यास सांभाळून घ्यावे.

हादगा सोळा दिवस झाला नाही, सहाच दिवस झाला. सासूबाईंना एकवीस गाणी पाठ आहेत, हे लग्नानंतर सतरा वर्षांनी मला कळले. मुलगी पहिले दोन दिवस दारात उभी राहून पाहत होती. तिसऱ्या दिवशी तिने आजीची गाणी मोबाइलवर ध्वनिमुद्रित करायला घेतली आणि चौथ्या दिवशी एका ओळीवरून आजीशी वाद घातला. यजमानांनी एक दिवस खिरापत केली. डबा हलवल्यावर खरोखरच आवाज आला नाही. तो शिरा होता, असे ते सांगतात.

सोनकी पाहिली, गाडीतूनच. मिरज आणि सागरेश्वर राहिले. लिंबला जाण्याच्या दिवशी धाकट्याला ताप आला.

भुईमूग काढायला यजमानांच्या मामांकडे कोरेगाव तालुक्यात गेलो. दुपारी दोनला आभाळ भरून आले आणि सहल या शब्दाबद्दल वावर यांनी जे लिहिले होते त्याचा अर्थ अर्ध्या तासात समजला. मामांचा चेहरा पाहून मुलांना कुणी काही सांगावे लागले नाही. सगळ्यांनी धावत वेल गोठ्यात आणून टाकले. मग पाऊस पडत असताना गोठ्यात बसून पाचही जणांनी, मामा-मामींसह सातांनी, अंधार पडेपर्यंत शेंगा तोडल्या. बाकी सारे आम्ही ठरवून केले होते. हे अंगावर पडले, आणि घरात अजून याच दिवसाबद्दल सर्वाधिक बोलले जाते.

फराळाची कामे कागदावर वाटून दिली होती. तळणीची पाळी बदलण्याचा नियम पहिल्या दिवशी पाळला, दुसऱ्या दिवशी मोडला. कमलपुष्प यांच्यासाठी हे प्रामाणिकपणे लिहून ठेवते. अनारसे हसले. सासूबाईंच्या मते गूळ जास्त झाला, माझ्या आईने फोनवर सांगितले की पीठ कमी मुरले, आणि शेजारच्या काकूंच्या मते अमावास्येला दळायलाच नको होते.

किल्ला अजिंक्यताऱ्याचा केला. सासूबाई खुर्चीत बसून दिशा सांगत होत्या. धाकट्याने सर्व नोंदी प्रामाणिकपणे केल्या होत्या, त्यामुळे मंगळाईच्या मंदिराबरोबर गडावरचा दूरदर्शनचा टॉवरही त्याने काड्या जोडून उभा केला. महाराजांच्या काळात तो नव्हता असे मी सांगितले, तेव्हा त्याने विचारले, "मग आपण बघून कशाला आलो?" टॉवर ठेवला.

वात 750 पदरांची झाली नाही. मुलगी मोजत होती आणि धाकटा मध्येच दुसरे आकडे म्हणत होता, त्यामुळे नक्की किती झाले ते कुणालाच माहीत नाही. काल रात्री ती तुळशीपाशी लावली. बराच वेळ जळत होती.

चारभिंती

टॉवरबद्दल तुमच्या चिरंजीवांचे अभिनंदन. आमच्या ढासळलेल्या बुरुजाशेजारी तो शोभला असता.

टवाळ

मोगलांनी सुरुंगाचा बेत आधी कळवला असता तर वेढ्याचे थेट प्रक्षेपणही झाले असते.

कमलपुष्प

पहिल्या दिवशी तरी पाळला, हे वाचून आनंद झाला. दुसऱ्या दिवशी नियम कुणी मोडला?

कृष्णातीर

कमलपुष्प, मीच. सोऱ्यातून निघणारी चकली पाहवेना.

वावर

सहल या शब्दाबद्दलची माझी तक्रार तुमच्यापुरती मागे घेतो. मामांच्या शेंगा वाचल्या का? आणि सात जणांत किती तोडून झाल्या?

कृष्णातीर

बहुतेक वाचल्या. सात जणांत मिळून आठ पाट्या झाल्या. धाकट्याच्या हिशेबाने नऊ, पण नववी त्याच्या पोटात होती.